पंधरावं गाणं कुठलं?

नेरूळहून आलेलं पत्र थोडक्यात असं :

‘कोजागिरीला आमच्या सोसायटीत यंदा गाण्यांची स्पर्धा आहे. चार विंग, प्रत्येकीला ४० मिनिटं. प्रत्येक विंगेने जुन्या काळातलं एकच वर्ष निवडायचं, त्या वर्षातल्या १५ गाण्यांची यादी आठवडाभर आधी द्यायची आणि त्यातली ८ गाणी सादर करायची. हिंदी-मराठी दोन्ही चालतील. यादीतलं गाणं दुसऱ्याच वर्षाचं निघालं तर गुण कापणार. आमच्या विंगेत महिनाभर नुसता वाद चाललाय. सासूबाई म्हणतात १९५७, “प्यासा” आणि “नया दौर” एकाच वर्षी आले होते. मिस्टरांचं १९७३, त्यांना “बॉबी” आणि “यादों की बारात” सोडून काही सुचत नाही. माझ्या मनात १९६५ आहे, कारण “गाईड”. मुलगा म्हणतो, मोबाइलवर शोध आणि सगळ्यात जास्त गाणी निघतील ते वर्ष घे. शोधलं, तर एकाच गाण्याची तीन वेगवेगळी सालं मिळाली. वर्ष निवडायचं तरी कसं आणि गाण्याचं साल खरं कुठलं धरायचं? यादीची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून लिहिते आहे.’

ताई, नमस्कार.

तुमच्या घरातली तिन्ही मतं एकाच ठिकाणी अडकली आहेत. प्रत्येकाने एकदोन चित्रपट मनात धरून वर्ष सुचवलं आहे. पण शिखरावरची दोनचार गाणी कुठल्याही वर्षाची थोरच असतात. १९४९ घ्या, १९६० घ्या, १९८१ घ्या, पहिली पाच गाणी काढताना कोणाचीही अडचण होत नाही. अडचण सुरू होते दहाव्या गाण्यापासून. तुमच्या समितीने १५ गाण्यांची अट घातली आहे, ती म्हणूनच फार चांगली आहे. ‘या वर्षातलं सर्वांत गाजलेलं गाणं कुठलं’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक वर्षाला एकच विचारा : तुझं पंधरावं गाणं कुठलं? ते गाणं ऐकून लोक मान डोलावणार असतील तर ते वर्ष खोल आहे. ते आठवायला अर्धा तास लागत असेल तर त्या वर्षाकडे दोन मोठे चित्रपट आहेत, एवढंच.

तेव्हा आधी तुमचं १९६५. ‘गाईड’चं साल कुठे १९६५ दिसतं, कुठे १९६६. फिल्मफेअरला तो १९६७ च्या सोहळ्यात होता, म्हणजे त्याची गाठ १९६६ च्या चित्रपटांशी पडली आणि संगीताचं बक्षीस ‘सूरज’ला गेलं. ज्या चित्रपटासाठी आपण वर्ष निवडतो त्याचंच साल वादात असेल तर स्पर्धेत ते वर्ष घेऊ नये. समितीतल्या एकाने जरी बोट ठेवलं तरी तुमची बाजू मांडण्यातच दहा मिनिटं जातील. ‘गाईड’ काढल्यावरही १९६५ भक्कम उभं राहतं, कारण ‘वक्त’, ‘जब जब फूल खिले’, ‘मेरे सनम’, ‘खानदान’ आणि मराठीत ‘साधी माणसं’ त्याच वर्षीचे. पण मग तुमचं मन त्यात राहणार नाही, आणि ज्यात मन नाही त्या यादीचं निवेदनही कोरडंच होतं.

आता साल ठरवण्याचं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चित्रपटगीतासाठी एकच नियम ठेवा : चित्रपट प्रदर्शित झाला ते वर्ष. समितीकडूनही तो लेखी मान्य करून घ्या. बाकीची सगळी सालं फसवतात, आणि प्रत्येकाची फसवण्याची तऱ्हा वेगळी आहे.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये गाण्याखाली जे साल दिसतं ते बहुतेक वेळा त्या संग्रहाचं असतं. ‘सदाबहार लता’ अशा एखाद्या संकलनात साठ सालचं गाणं असतं आणि खाली दिसतं ते संकलन बाजारात आल्याचं किंवा अ‍ॅपवर चढल्याचं साल. तुम्हाला एका गाण्याची तीन सालं मिळाली ती यामुळेच, तिन्ही वेगवेगळ्या संकलनांची असणार.

घरात जुन्या रेकॉर्ड असतील तर त्यांच्यावर फार विसंबू नका. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर रेकॉर्डचा क्रमांक असतो, साल सहसा नसतं. एल.पी.च्या वेष्टनावर साल सापडलं तरी पुन्हा काढलेल्या आवृत्तीवर ते त्या आवृत्तीचं असतं.

बिनाका गीतमालेच्या वार्षिक याद्या तर अनेकांच्या तोंडपाठ आहेत. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींनी हा कार्यक्रम सुरू केला, आणि वर्षाच्या शेवटी ‘सरताज’ गाणं कुठलं याची घराघरात पैज लागायची. पण त्या याद्या गाणं कधी आलं हे सांगत नाहीत, कधी वाजलं हे सांगतात. १९७० च्या यादीत पहिलं आलेलं ‘बिंदिया चमकेगी’ हे ‘दो रास्ते’मधलं, आणि ‘दो रास्ते’ १९६९ चा. १९६२ चं पहिलं गाणं ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ हे ‘जंगली’तलं, आणि ‘जंगली’ १९६१ चा. वर्षअखेरीस आलेल्या चित्रपटाची गाणी पुढच्या वर्षी घरोघरी पोचायची, म्हणून हा फरक पडतो. फिल्मफेअरचंही तसंच. सोहळ्याचं साल एक आणि चित्रपटाचं आणखी एक. १९५४ च्या पहिल्या सोहळ्यात नौशादना ‘बैजू बावरा’साठी बक्षीस मिळालं, तो चित्रपट १९५२ चा.

याच्या उलट टोकाला ‘पाकीजा’ आहे. प्रदर्शन १९७२ चं, पण चित्रपटाची जुळवाजुळव पन्नासच्या दशकातच सुरू झाली होती. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले. आपली गाणी लोकांच्या ओठांवर आलेली त्यांना पाहायलाच मिळाली नाहीत. ती गाणी ऐकताना १९७२ च्या गिटार-ड्रमच्या गर्दीत ती वेगळ्याच काळातून आल्यासारखी वाटतात, आणि खरोखरच तशी ती आहेत. नियमाने ती १९७२ चीच धरायची, फक्त निवेदनात हे एक वाक्य सांगायचं.

बिगरफिल्मी गाण्यांना हा नियम लावता येत नाही. नाट्यगीतासाठी नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचं वर्ष धरा. ‘ऐ मेरे वतन के लोगो’सारख्या गाण्याचा पहिला जाहीर कार्यक्रमच तारखेनिशी माहीत आहे, २७ जानेवारी १९६३. भावगीतांच्या बाबतीत मात्र सावध राहा. आकाशवाणीवर गाणं आधी वाजलेलं असतं, तबकडी नंतर निघते, मधे वर्ष-दोन वर्षं सहज जातात. गीतरामायणासारखं साल पक्कं असेल (पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला सुरुवात) तरच भावगीत यादीत घ्या. नाहीतर सोडून द्या, मग ते कितीही आवडतं असो.

आणखी एक सीमारेषा. नोव्हेंबर ते जानेवारीत आलेले चित्रपट वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या वर्षी सापडतात. ‘हरे रामा हरे कृष्णा’ कुठे १९७१, कुठे १९७२. असा चित्रपट शक्यतो टाळाच. यादीतल्या प्रत्येक गाण्यासमोर साल कुठून घेतलं ते लिहा, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकच साल मिळालं तरच ते पक्कं समजा. दोन संकेतस्थळांनी एकमेकांची नक्कल केलेली असते, तेव्हा त्यातलं एक तरी छापील असावं. हिंदीसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ दशकवार खंडांत आहे. तुम्हाला वाशी-बेलापूरला मिळाला नाही तर एखाद्या शनिवारी ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा. मराठी गाण्यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ बरंच भरवशाचं आहे. निदान गीतकार, संगीतकार आणि चित्रपटाचं नाव तरी तिथे नीट मिळतं, आणि त्यावरून साल शोधता येतं.

साल पक्कं करायची रीत झाली. आता वर्ष कसं निवडायचं?

आधी विंगेतल्या लोकांची जन्मसालं विचारा. वय विचारलं की लोक हसून टाळतात, साल विचारलं की सांगतात. प्रत्येक सालात १६ मिळवा. माणसाला सोळा-सतराव्या वर्षी ऐकलेली गाणी सगळ्यात घट्ट चिकटतात. पंधरा ते पंचवीस हा साधारण पट्टा. नेरूळ-वाशीच्या सिडको वसाहतींत ऐंशीच्या दशकात घर घेऊन आलेली मंडळी बहुतेक १९४५ ते १९५५ च्या दरम्यान जन्मलेली आहेत. म्हणजे तुमचा आकडा १९६१ ते १९७१ मध्ये कुठेतरी पडणार. सासूबाईंचं १९५७ हे त्यांच्या वयाला बरोबर आहे, पण त्या वयाची माणसं विंगेत किती, हे मोजा. ठाण्याला नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या सोसायटीत हे गणित कदाचित १९५७ कडेच झुकलं असतं.

मग प्रत्येक उमेदवार वर्षासाठी एक कागद घ्या. रकाने सहा : गाणं, चित्रपट, संगीतकार, गायक, चाल संथ की द्रुत, साल कुठून मिळालं. २५ गाणी लिहून होईपर्यंत निर्णय करू नका. त्या २५ मधून १५ निवडताना दोनच अटी पाळा. एका चित्रपटातून दोनपेक्षा जास्त गाणी नकोत. एका संगीतकाराची तीनपेक्षा जास्त नकोत. या अटी लावल्या की वर्षाची खरी खोली दिसते.

मिस्टरांच्या १९७३ ला लावून बघा. ‘बॉबी’, ‘अभिमान’, ‘यादों की बारात’, ‘दाग’, ‘जंजीर’, ‘ब्लॅकमेल’, ‘हँसते जख्म’, ‘आ गले लग जा’, ‘अनामिका’, ‘सौदागर’. चित्रपट भरपूर, आणि गाणी आजच्या पोरांनाही येतात. पण संगीतकारांचा रकाना बघा : आर.डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, पुन्हा आर.डी., पुन्हा लक्ष्मीकांत-प्यारेलाल, मग एस.डी., कल्याणजी-आनंदजी, मदनमोहन, रवींद्र जैन. सहा-सात नावांत सगळी १५ गाणी संपतात. दुसरी अडचण सादरीकरणाची. त्या काळातल्या आर.डी.च्या गाण्याचा अर्धा जीव गिटार, बास आणि तालवाद्यांत आहे. पेटी-तबल्यावर ‘चुरा लिया है’ गायला घेतलं तर ग्लासवरच्या चमच्याच्या टोल्यासकट सगळंच हरवतं. चांगला कराओके ट्रॅक आणि चांगली ध्वनियंत्रणा असेल तरच १९७३ घ्या.

१९५७ याहून खोल आहे, सासूबाईंना हे जरूर सांगा. ‘प्यासा’, ‘पेइंग गेस्ट’ आणि ‘नौ दो ग्यारह’ एस.डी. बर्मन यांचे, ‘मदर इंडिया’ नौशादचा, ‘नया दौर’ आणि ‘तुमसा नहीं देखा’ ओ.पी. नय्यरचे, ‘दो आँखें बारह हाथ’ वसंत देसाईंचा, ‘आशा’ सी. रामचंद्रांचा, ‘देख कबीरा रोया’ मदनमोहनचा, ‘भाभी’ चित्रगुप्तचा, ‘जनम जनम के फेरे’ एस.एन. त्रिपाठींचा. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. त्याआधी काही वर्षं आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जागाच नव्हती, लोक सिलोनकडे वळले ते त्यामुळेच. तेव्हाच्या माहिती-प्रसारण मंत्र्यांनी गाणी बंद केली आणि पाच वर्षांनी आकाशवाणीलाच ती पुन्हा घ्यावी लागली, ही गोष्ट निवेदनात सोन्यासारखी आहे. मराठीची बाजू मात्र या वर्षी हिंदीच्या तोडीची भरत नाही.

आमचा सल्ला १९६४ चा आहे, आणि तो का ते कागदावरच बघा.

हिंदीत ‘संगम’ शंकर-जयकिशनचा. ‘दोस्ती’ लक्ष्मीकांत-प्यारेलालचा, त्यांना पहिलं फिल्मफेअर मिळवून देणारा. त्यातलं माउथ ऑर्गन आर.डी. बर्मननी वाजवलं आहे. त्या वर्षी त्यांचा स्वतःचा एकही चित्रपट आला नव्हता, तरी मिस्टरांना एवढी फुंकर पुरेल. ‘काश्मीर की कली’ ओ.पी. नय्यरचा. ‘चित्रलेखा’ रोशनचा, ‘लीडर’ नौशादचा, ‘शगुन’ खय्यामचा, ‘कोहरा’ हेमंतकुमारचा, ‘जिद्दी’ एस.डी.चा. ‘दूर गगन की छाँव में’ किशोरकुमारने स्वतः दिग्दर्शन करून, संगीतही स्वतःच दिलेला.

आणि मदनमोहन. ‘वो कौन थी’, ‘जहाँआरा’, ‘हकीकत’, ‘गझल’, ‘आपकी परछाइयाँ’, सगळं एका वर्षात. एका माणसाने बारा महिन्यांत एवढं द्यावं, हे आजही विश्वास बसण्यापलीकडचं आहे. त्यातला ‘जहाँआरा’ तिकीटबारीवर पडला, पण तलत महमूदची त्यातली गाणी आजही तितक्याच हळुवारपणे ऐकली जातात.

मराठीची बाजू या वर्षी हिंदीच्या खांद्याला खांदा लावून आहे, म्हणूनच हे वर्ष तुम्हाला सुचवतो. ‘पाठलाग’ दत्ता डावजेकरांचा, दोन वर्षांनी हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ झाला. ‘मराठा तितुका मेळवावा’ला ‘आनंदघन’ या नावाने स्वतः लता मंगेशकरांचं संगीत. ‘सवाल माझा ऐका’मधली सुलोचना चव्हाणांची लावणी. आणि रंगभूमीवर वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’, जितेंद्र अभिषेकींच्या चालींनी नाट्यसंगीताला नवा श्वास देणारं. एकाच वर्षात लावणी, गझल, नाट्यपद, भजनाच्या अंगाने जाणारं ‘मन रे तू काहे ना धीर धरे’ आणि काश्मिरी होडीतलं, शिकाऱ्यावरचं ओ.पी.चं गाणं. याहून वेगळेपणा कुठे शोधणार?

१५ गाण्यांची यादी अशी करा, सादर करायची आठ पहिली, त्याच क्रमाने.

‘ये चाँद सा रोशन चेहरा’, काश्मीर की कली, रफी. कोजागिरी आहे, सुरुवात चंद्रानेच व्हावी.
‘या डोळ्यांची दोन पाखरे’, पाठलाग, आशा भोसले.
‘मेरे महबूब कयामत होगी’, मि. एक्स इन बॉम्बे, किशोर, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल.
‘पर्बतों के पेडों पर’, शगुन, रफी आणि सुमन कल्याणपूर.
‘सोळावं वरीस धोक्याचं’, सवाल माझा ऐका, सुलोचना चव्हाण, संगीत वसंत पवार.
‘लग जा गले’, वो कौन थी, लता.
‘मेरे मन की गंगा’, संगम, मुकेश आणि वैजयंतीमाला. गीतमालेतही हे त्या वर्षीचं पहिलं गाणं.
‘अखेरचा हा तुला दंडवत’, मराठा तितुका मेळवावा, लता.

उरलेली सात : चाहूँगा मैं तुझे (दोस्ती), मन रे तू काहे (चित्रलेखा), फिर वही शाम (जहाँआरा), गर्द सभोवती रान साजणी (मत्स्यगंधा, आशालता), तेरे हुस्न की क्या तारीफ करूँ (लीडर), ये नयन डरे डरे (कोहरा), आ चल के तुझे (दूर गगन की छाँव में).

मोजून बघा. १५ गाणी १५ वेगवेगळ्या चित्रपट-नाटकांतली, संगीतकार १३. सादर होणाऱ्या आठ गाण्यांना आठ संगीतकार. आणि एवढं करूनही ‘हकीकत’, ‘गझल’, ‘राजकुमार’, ‘जिद्दी’ या चित्रपटांतलं एकही गाणं अजून वापरलेलं नाही. पंधराव्या गाण्याच्या कसोटीवर १९६४ उतरतं ते असं.

या वर्षाचा एक धोकाही आहे. मदनमोहनचे भक्त प्रत्येक विंगेत असतात आणि ते म्हणतील, आणखी दोन गझला घ्या. घेऊ नका. ‘लग जा गले’, ‘फिर वही शाम’, ‘रंग और नूर की बारात’ अशी ओळीने लागली की तिन्ही थोर असूनही सभागृह जड होतं, मागच्या खुर्च्यांवर बोलणं सुरू होतं. दोन संथ गाणी लागोपाठ कधीच नकोत. वरच्या क्रमात ‘लग जा गले’च्या आधी लावणी आणि नंतर ‘संगम’ ठेवलं आहे ते म्हणूनच. ‘होके मजबूर’ तर फार मोहात पाडेल, रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज त्यात आहेत, पण ते सहा मिनिटांच्या पुढे जातं. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

वेळेचा हिशेब : आठ गाणी, सरासरी चार मिनिटं, झाली ३२. प्रत्येक गाण्याआधी ४० सेकंदांचं निवेदन, म्हणजे सव्वापाच मिनिटं. उरली पावणेतीन. ती माइक बदलण्यात, टाळ्यांत जातात. निवेदन ४० सेकंदांत बसवायचं तर ८० ते ९० शब्द लिहा आणि घड्याळ लावून मोठ्याने वाचा. पहिल्या वेळी हटकून सव्वा मिनिट होईल. मग विशेषणं काढा. संगीतकाराचं नाव, साल आणि एक माहिती एवढंच ठेवा. चार विंगांचे मिळून १६० मिनिटं होतात. गच्चीवर कार्यक्रम असेल तर सात वाजता सुरू झालाच पाहिजे, कारण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही.

कराओकेवर गाणार असाल तर पट्टीचा प्रश्न येईल. ट्रॅक मूळ पट्टीत असतो आणि लताबाईंची मूळ पट्टी साठीच्या गळ्याला झेपत नाही. अ‍ॅपमध्ये पट्टी उतरवायची सोय असते. दोन किंवा तीन अर्धे सूर खाली आणा, त्याहून खाली नेलं की वाद्यं घोगरी वाटू लागतात. युगुलगीतात बाईंसाठी पट्टी उतरवली की पुरुषाचा आवाज खर्जात बुडतो, म्हणून ‘पर्बतों के पेडों पर’ची पट्टी दोघांनी एकत्र बसून, अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर गाऊन ठरवा. मुखड्यावरून ठरवली तर अंतऱ्यात फसगत होते. ट्रॅक निवडतानाही तो मूळ गाण्याशी ताडून बघा. चित्रपटातल्या गाण्यात एखादं कडवं जास्त असतं, तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचीच जागा असायची म्हणून रेकॉर्डवर ते कापलेलं असायचं. गाणारा एक पाठ करून येतो आणि ट्रॅक दुसराच निघतो. झंकार बीट्स घातलेला ट्रॅक तर मुळीच नको. वर ढोलकीसारखा एकसुरी ठोका सतत चालू राहतो, त्यात ‘लग जा गले’चा नाजूक ठेका मरतो.

‘पर्बतों के पेडों पर’ या युगुलगीतात नावाचीही काळजी घ्या. साठीच्या दशकाच्या मध्यावर रॉयल्टीच्या वादामुळे लता आणि रफी काही वर्षं एकत्र गात नव्हते, तेव्हा रफींबरोबरची कितीतरी गाणी सुमनताईंकडे आली. आवाजातल्या साम्यामुळे अनेक ठिकाणी ती लताबाईंच्या नावावर चढलेली दिसतात. तुमच्या कागदावर तरी सुमन कल्याणपूर हे नाव ठळक असू द्या.

उरलेलं किरकोळ. सगळे ट्रॅक मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, ऐन अंतऱ्यात कुणाचा फोन आला की पंचाईत होते. ब्लूटूथऐवजी वायर जोडा. जुन्या ध्वनिमुद्रणात खर्ज फारसा नसतोच, म्हणून बास वाढवून काही मिळत नाही, उलट गायकाचा माइक गुरगुरतो. गाणाऱ्यांनी मसाला दूध गाऊन झाल्यावर प्यावं, साय घशाला धरते.

यादी समितीला देताना पंधराही गाण्यांपुढे चित्रपटाचं नाव, प्रदर्शनाचं वर्ष आणि ते कुठून घेतलं हे लिहून एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ‘साधी माणसं’मधलं ‘ऐरणीच्या देवा तुला’ कुणी शेवटच्या क्षणी घालायचा आग्रह धरेल, तेव्हा १९६५ चं म्हणून ते नाकारायला ही प्रत लागेल. कार्यक्रम संपल्यावर ते सगळ्यांनी मिळून जरूर म्हणा.